जवानाचे पाऊल आणि पुराव्याचे ओझे

उल्हासनगरला जुनी मंडळी आजही 'कॅम्प' म्हणतात. रिक्षात बसून 'कॅम्प तीन' किंवा 'कॅम्प पाच' एवढे म्हटले की पुरते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराने कल्याणजवळच्या माळावर सहा हजार सैनिक आणि तीस हजार इतर माणसे सामावतील अशी जी संक्रमण-छावणी उभारली होती, तिचे हे नाव. युद्ध संपले, छावणी ओस पडली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची बिऱ्हाडे त्याच बराकींत थाटली गेली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. शेजारच्या अंबरनाथची ओळख पुरातन शिवालयाइतकीच आयुधनिर्माणीची. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ बरखास्त होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, तरी तेथील कामगारांच्या बोलण्यात 'ऑर्डनन्स' हाच शब्द टिकून आहे. बदलापूर हे त्यापुढचे, मुंबईत घर न परवडणाऱ्या नोकरदारांचे गाव. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर या भागांतून फौजेत गेलेली आणि निवृत्तीनंतर मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईच्या आसऱ्याला आलेली कुटुंबेही येथे पुष्कळ.

या तीन गावांत निवृत्त जवान दिसतो तो बहुधा फाटकावर. औद्योगिक वसाहतीतील कारखाने, बँका, इस्पितळे, गृहनिर्माण संस्था, जेथे फाटक आहे तेथे तो आहे. मेस्कोसारख्या माजी सैनिक महामंडळाकडून, नाहीतर खाजगी एजन्सीकडून तो येतो, आणि बारा-बारा तास उभा राहतो. ज्या पायांवर त्याने पंधरा-वीस वर्षे फौजेत काढली, त्याच पायांवर त्याची दुसरी नोकरीही उभी असते. प्रस्तुत लेखाचा विषय हे पाय आहेत.

आमच्या सोसायटीच्या फाटकावर असेच एक निवृत्त हवालदार आहेत. चोवीस वर्षे नोकरी करून, पण 'लो मेडिकल कॅटेगरी'त ते घरी आले. एका रविवारी त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कागदांची चळत काढली आणि म्हणाले, "सर, इंग्रजी जरा अवघड आहे. हे नक्की काय लिहिलंय ते वाचून सांगता का?" कागद निवृत्तीपूर्वीच्या वैद्यकीय मंडळाचे होते. दोन्ही टाचांच्या तळव्याकडील स्नायुबंधाला सूज. सकाळी पहिले पाऊल टाकताना तीव्र वेदना. जास्त वेळ उभे राहू नये, धावू नये, असा सल्ला. अपंगत्वाचे प्रमाण पंधरा ते एकोणीस टक्के. आणि शेवटच्या रकान्यात निर्णय: हे दुखणे सेवेमुळे उद्भवलेले नाही व सेवेमुळे बळावलेलेही नाही. कारण म्हणून एक ओळ होती. दुखण्याची सुरुवात शांतता क्षेत्रात झाली, सीमेवरील वा उंच प्रदेशातील नेमणुकीशी त्याचा निकटचा संबंध दिसत नाही.

या निर्णयाच्या इंग्रजी आद्याक्षरांचे दफ्तरी रूप 'एनएएनए' असे होते. फौजी त्याला सरळ 'नाना' म्हणून मोकळे होतात. अर्जावर 'नाना' पडला की अपंगत्व-पेन्शन नाही.

एका टक्क्याचे मोल

सामान्य वाचकास हा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. हात-पाय गमावलेल्या, दृष्टी गेलेल्या जवानांपुढे टाचदुखीचे ते काय, असे मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून आधी हिशेब मांडणे बरे.

अपंगत्व-पेन्शनचे दोन घटक असतात, सेवा घटक आणि अपंगत्व घटक. पूर्ण म्हणजे शंभर टक्के अपंगत्वास शेवटच्या वेतनाच्या तीस टक्के एवढा अपंगत्व घटक मिळतो, आणि कमी अपंगत्वास त्या प्रमाणात कमी. पाचव्या वेतन आयोगानंतर सरकारने ३१ जानेवारी २००१ च्या पत्रान्वये एक सुधारणा केली. पन्नास टक्क्यांखालील अपंगत्व पन्नास धरावे, पन्नास ते पंचाहत्तर असेल तर पंचाहत्तर, आणि त्यावरचे शंभर. एकेका टक्क्यावरून डॉक्टर-डॉक्टरांत होणारे मतभेद मिटावेत हा तिचा हेतू. परंतु वीस टक्क्यांहून कमी अपंगत्व असेल तर काहीच नाही, ही १९६१ च्या लष्करी पेन्शन विनियमांपासूनची अट कायम राहिली. परिणाम असा झाला की वरच्या पायऱ्या रुंद आणि सोप्या झाल्या, पण पहिली पायरी एकदम पुरुषभर उंच होऊन बसली.

समजा, एखाद्या हवालदाराचे शेवटचे वेतन ४०,००० रुपये आहे. वीस टक्के अपंगत्व मान्य झाले तर ते पन्नास धरले जाईल आणि दरमहा ६,००० रुपये अपंगत्व घटक मिळेल. महागाई भत्ता वेगळा. वर्षाचे ७२,००० झाले. पंचवीस वर्षे जगला तर महागाई भत्ता न धरताच १८ लाख. एकोणीस टक्के ठरले तर शून्य. आता 'पंधरा ते एकोणीस' या शब्दांकडे पुन्हा पाहावे. बदलापूरच्या बाजूला एका खोलीच्या घराचा हप्ता भरणाऱ्या कुटुंबाचे सारे अर्थकारण त्या एका टक्क्यात आहे. वेदना मोजण्याचे कोणतेही यंत्र अठरा आणि वीस यांतील फरक दाखवू शकत नाही, हे सांगायला वैद्यकशास्त्राचा पदवीधर लागत नाही.

पायाच्या दुखण्यांचे प्रमाण बहुधा याच उंबरठ्याच्या आसपास ठरते. छातीत गोळी लागली तर प्रमाणाचा वाद होत नाही. वाद होतो तो टाच, चवडा, घोटा, तळवा यांचा.

शांतता क्षेत्रातले हाड

पायाचा आणि पलटणीचा संबंध नवा नाही. मानवी पावलात सव्वीस हाडे असतात. लांब कूच केल्यानंतर सैनिकांची पावले सुजतात आणि दुखतात, याची पद्धतशीर नोंद प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या वैद्याने १८५५ मध्ये केली. पुढे क्ष-किरणांचा शोध लागल्यावर कळले की त्या पावलांतील लांब हाडांना बारीक चिरा जातात. त्या दुखण्याला आजही 'मार्च फ्रॅक्चर' म्हणतात. पहिल्या महायुद्धात फ्लँडर्सच्या चिखलात हजारो सैनिकांची पावले सडली, तेव्हा ब्रिटिश लष्कराने रोज पायांची तपासणी करणे ही अधिकाऱ्यांची जबाबदारी ठरवली. १९६२ च्या हिवाळ्याच्या तोंडावर नेफाच्या उंच प्रदेशात आपले जवान सुती गणवेश आणि कॅनव्हासचे बूट घालून लढले, हे सर्वश्रुत आहे. १३ एप्रिल १९८४ रोजी सियाचिनवर 'मेघदूत' मोहीम सुरू झाली, तेव्हापासून हिमदंश हा शब्द मराठी घरांतही परिचयाचा झाला. त्याच सियाचिन आणि इतर उंच प्रदेशांतील जवानांसाठी नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बहुउपयोगी बूट खरेदीच झाले नाहीत, जुने बूट पुन्हा वापरावे लागले, असे महालेखापरीक्षकांच्या २०२० मध्ये संसदेपुढे आलेल्या अहवालात नमूद आहे.

हिमदंशाने बोटे गेली तर ती डोळ्यांना दिसतात. सियाचिनचे नावही कागदावर असते. अशा जवानाचा दावा बहुतांशी मान्य होतो. अडतो तो ज्याचे पाऊल हळूहळू झिजले तो जवान. अर्थशास्त्रात आम्ही विद्यार्थ्यांना 'घसारा' शिकवतो. अंबरनाथच्या कारखान्यातील लेथ यंत्र दरवर्षी किती झिजले याचा आकडा ताळेबंदात दाखवावा लागतो. ते यंत्र युद्धकाळात झिजले की शांततेत, असा प्रश्न कोणताही हिशेबनीस विचारत नाही. जवानाच्या पायाची झीज मात्र कोणत्या क्षेत्रात झाली हे पाहूनच खरी की खोटी ठरते.

वस्तुतः 'पीस स्टेशन'मध्ये पाय विश्रांती घेतात असे नाही. सकाळची पी.टी., बूट आपटत काँक्रीटवर होणारी परेड, ठराविक काळाने पूर्ण साजासह पाच किलोमीटर धावण्याची चाचणी, रात्रीचा पहारा, हे सारे तेथेच असते. किंबहुना सीमेवरच्या बंकरपेक्षा तेथे धावणे अधिक. बूट मापाचा मिळाला तर ठीक. अर्ध्या मापाने मोठा मिळाला तर दोन मोजे घालायचे, हे आमचे हवालदार हसत सांगतात. पावसाळ्यात ओल्या बुटांतल्या चिखल्या आणि बोटांवरची कुरुपे यांची तक्रार घेऊन कोणी डॉक्टरकडे जात नाही. गेला तर 'बहाणे करतो' असे म्हणतील, ही भीती. म्हणून पहिल्या दुखण्याची नोंद कागदावर येते ती पुष्कळ वर्षांनी, आणि तेव्हा तो जवान योगायोगाने पुण्यात वा झाशीत असतो. दुखणे ज्या दिवशी कागदावर आले त्या दिवशी ते जन्मले असे धरणे, ही या साऱ्या निर्णयांतील मूळ चूक आहे.

सपाट पावलाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. सैन्यभरतीच्या वेळी पावलाची कमान आहे की नाही हे डॉक्टर आवर्जून पाहतात. सपाट पाऊल हे नापास करण्याचे एक ठरलेले कारण आहे. भरतीसाठी धावणारी आमची मुले ओल्या फरशीवर पाऊल उमटवून स्वतःच ते तपासतात. आता या चाचणीतून पार पडलेल्या जवानाची कमान वीस वर्षांनी खचलेली आढळली तर दोनच शक्यता उरतात. एक तर भरतीच्या डॉक्टरची नजर चुकली, नाहीतर कमान सेवेत खचली. दोन्हींत जवानाचा दोष कोठे आहे?

कायदा काय म्हणतो

गंमत अशी की नियम करणाऱ्यांनी हा प्रश्न फार पूर्वीच सोडवून ठेवला होता. १९८२ च्या हक्क-नियमांत तीन गोष्टी स्पष्ट होत्या. भरतीच्या वेळी ज्या दोषाची नोंद नाही त्या बाबतीत जवान निरोगी होता असे गृहीत धरावे. नोंद नसलेला आजार पुढे उद्भवला तर तो सेवेतच उद्भवला असे सामान्यतः मानावे. भरतीच्या वेळी तो कळून येणे शक्यच नव्हते असे वैद्यकीय मत असेल, तर त्याची कारणे लिहावीत. आणि हक्काच्या अटी सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकू नये, वाजवी शंकेचा फायदा त्याला द्यावा. युद्धातून परतलेल्या माणसाकडे प्रत्येक जखमेची पावती असणार नाही, एवढे शहाणपण त्या नियमांच्या मुळाशी होते.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात हेच नियम वाचून दाखवले. त्या जवानाचा आजार अपस्माराचा होता, पायाचा नव्हे. परंतु न्यायालयाने घालून दिलेले तत्त्व सर्व आजारांना लागू पडते. वैद्यकीय मंडळाने कारणे न देता नुसता नकार लिहिला तर तो टिकणार नाही. २०१४ मध्ये सुखविंदर सिंग खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. ज्या अपंगत्वापायी जवानाला सेवेतून काढून टाकले जाते ते वीस टक्क्यांहून अधिक आहे असेच मानावे लागेल, असे त्याने म्हटले. युक्तिवाद साधा आहे. नोकरीवरून घालवण्याइतका आजार मोठा आणि पेन्शन देण्याइतका मात्र लहान, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राम अवतार खटल्यात, पूर्ण सेवा करून निवृत्त होणाऱ्यांनाही पन्नास-पंचाहत्तर-शंभर या पायऱ्यांचा लाभ मिळाला पाहिजे हे ठरले. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, आजार शांतता क्षेत्रात सुरू झाला एवढ्यावरून त्याचा सेवेशी संबंध तोडता येत नाही, असे सांगितले. म्हणजे आमच्या हवालदारांच्या कागदावरच्या त्या एकमेव ओळीला न्यायालयाने बाजूला सारलेले आहे.

मग ती ओळ अद्यापही का लिहिली जाते?

याचे एक उत्तर नियमांतच सापडते. १९८२ च्या नियमात अर्जदाराला पुरावा मागू 'नये' असे निरपवाद विधान होते. २००८ च्या नव्या नियमांत त्याच वाक्यात 'सामान्यतः' हा शब्द शिरला. शिवाय पुस्ती जोडली गेली की निवृत्तीला पंधरा वर्षे उलटल्यावर दावा केला आणि तोवर ठरलेल्या मुदतीनंतर सेवेची कागदपत्रे नष्ट झालेली असली, तर सिद्धतेची जबाबदारी अर्जदारावर. कागद जपण्याची आणि जाळण्याची सत्ता ज्याच्या हाती आहे त्याने ते जाळावेत, आणि राख चाळून पुरावा शोधावा दुसऱ्याने, असा हा न्याय आहे. २१ सप्टेंबर २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी परिभाषा आणखी बदलली. अपंगत्व असूनही सेवेत राहिलेल्यांच्या लाभाला 'पेन्शन' हा शब्दच राहिला नाही. त्याचे 'सहाय्य' झाले. शब्द बदलले की पुढे हक्कही बदलतात, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे.

दुसरे उत्तर अर्थशास्त्राचे आहे, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते.

विलंब कोणाला परवडतो?

नकार मिळालेल्या जवानाला पहिले अपील सैन्य मुख्यालयातील समितीकडे, दुसरे त्यावरच्या समितीकडे करता येते. तेथेही 'नाना' कायम राहिला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या आणि ऑगस्ट २००९ पासून काम करू लागलेल्या या न्यायाधिकरणाचे एक खंडपीठ मुंबईत आहे, ही आपल्या भागातील माजी सैनिकांची मोठीच सोय. मात्र सदस्यांच्या जागा रिकाम्या राहिल्यामुळे देशातील निरनिराळ्या खंडपीठांचे कामकाज दीर्घकाळ थंडावल्याचे प्रसंग वारंवार आले आहेत. न्यायाधिकरणात जवान जिंकला तरी प्रकरण संपत नाही. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाच्या निकालांविरुद्ध उच्च न्यायालयाचे दार पुन्हा उघडे असल्याचा निर्वाळा दिला. तत्त्वतः तो योग्यच होता, कारण हरलेल्या जवानालाही दिल्लीची वाट धरावी लागू नये. परंतु त्या दारातून सर्वांत आधी आणि मोठ्या संख्येने आत शिरले ते खुद्द सरकार, न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या अपंगत्व-पेन्शनविरुद्धच्या याचिका घेऊन.

या साखळीतील प्रत्येक टप्प्यावर खर्च कोणाचा होतो ते पाहावे. नकार लिहिणाऱ्या मंडळाला नकार चुकल्याबद्दल काही भोगावे लागत नाही. अपील करण्याचा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिशाला वकिलाची फी लागत नाही. उलट अपील न करता पेन्शन मंजूर केली तर 'का केली?' असा लेखापरीक्षकाचा प्रश्न येण्याची भीती त्याला असते. तेव्हा त्याच्या दृष्टीने अपील करणे हाच सुरक्षित मार्ग. जवानाला मात्र प्रत्येक तारखेला रजा टाकावी लागते, आणि फाटकावरच्या नोकरीत रजा म्हणजे बिनपगारी. बदलापूर ते मुंबई गर्दीच्या लोकलमधून उभ्याने, तेही दुखऱ्या टाचेने. ज्या दुखण्याबद्दल दाद मागायची तेच दुखणे दाद मागण्याच्या आड येते.

त्यात २००८ च्या तरसेम सिंग निकालाची भर. पेन्शन नाकारणे हा दरमहा नव्याने घडणारा अन्याय आहे, म्हणून उशिरा आलेल्या माणसालाही दार बंद करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. पण उशिरा येणाऱ्याला थकबाकी सामान्यतः दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळेल असेही ठरवले. त्या खटल्यातील जवान १९८३ मध्ये घरी आला होता आणि १९९९ मध्ये न्यायालयात गेला. निकालाचे तर्कशास्त्र समजण्यासारखे आहे, पण आर्थिक परिणाम उघड आहे. दहा वर्षे गप्प बसलेल्या जवानाची सात वर्षांची रक्कम तिजोरीत राहते. न कळल्यामुळे, इंग्रजी न वाचता आल्यामुळे, किंवा 'साहेबांनी लिहिले ते खरे' या सवयीमुळे जे कधीच दावा करत नाहीत त्यांची तर सारीच रक्कम. चुकीचा नकार अशा रीतीने किफायतशीर ठरतो. कोणी ठरवून असे करतो असा आरोप मी करीत नाही. व्यवस्थेची घडणच अशी की चूक सुधारण्याची घाई कोणालाच नसावी. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिजेंदर सिंग या जवानाला पेन्शन मिळवून दिली. तो सियाचिनवर होता आणि १९८९ मध्ये घरी आला होता. मध्ये छत्तीस वर्षे गेली.

संरक्षण खात्यात हे कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये खटलेबाजी कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली गेली. त्याच वर्षी तिने अहवाल दिला, आणि अपंगत्व-पेन्शनच्या प्रकरणांतील सरकारी अपिले मागे घ्यावीत असे सुचवले. पुढची दहा वर्षे अपिले होतच राहिली.

दुसरी बाजू

सरकारची बाजू सांगितली नाही तर लेख एकांगी होईल. संरक्षण खात्याची २०२५-२६ ची एकूण तरतूद सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची, आणि तीत पेन्शनचा वाटा सुमारे १ लाख ६१ हजार कोटींचा. शस्त्रांसाठी पैसा कमी पडतो ही ओरड खोटी नाही. शिवाय वरिष्ठ अधिकाऱ्यांत निवृत्तीच्या तोंडावर रक्तदाब-मधुमेहाच्या आधारे अपंगत्व-पेन्शन घेण्याचे प्रमाण वाढल्याची टीका वेतन आयोगापासून लेखापरीक्षकांपर्यंत अनेकांनी केली आहे. तीत तथ्यही असेल. सातव्या वेतन आयोगाने म्हणूनच टक्केवारीऐवजी हुद्द्यानुसार ठोक रकमा सुचवल्या होत्या. सैन्यदलांनी हरकत घेतली आणि मे २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने टक्केवारीची पद्धत कायम ठेवली. त्यापायी येणारा जादा खर्च वर्षाला सुमारे १३० कोटी रुपयांचा असल्याचे तेव्हा सांगण्यात आले होते.

परंतु गैरफायद्याचा हा मुद्दा मान्य केला तरी त्याचा रोख पायदळातल्या हवालदारावर का असावा हे समजत नाही. अधिकाऱ्याला नियम वाचता येतात, त्याचे मित्र वैद्यकीय मंडळावर असतात, निवृत्तीनंतर वकील परवडतो. गाळणी घट्ट केली की अडकतो तो ज्याला यातले काहीच नाही तो. हुद्द्यानुसार गाळणीची छिद्रे लहान-मोठी होत असतील, तर दोष गाळणीचा आहे.

अमेरिकेतील व्यवस्था काही आदर्श नाही. तेथेही अपिलांचे ढीग आणि वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षा आहेत. तरी पायापुरते तिच्याकडून काही घेण्यासारखे आहे. सपाट पावलासाठी तेथे छापील तक्ता आहे. बुटात आधार घालून आराम पडत असेल तर शून्य टक्के. मध्यम त्रासाला दहा. तीव्र त्रास एका पायास असेल तर वीस, दोन्हींस तीस. अतितीव्र असेल तर एका पायास तीस आणि दोन्हींस पन्नास. दहा टक्क्यांनाही तेथे दरमहा रक्कम मिळते, त्यामुळे एका टक्क्याने सारे गमावण्याचा प्रसंग येत नाही. पाय अधू झाल्यामुळे पुढे गुडघा वा कंबर बिघडली तर तेही मूळ दुखण्याशी जोडून मागता येते. आणि अपील मंडळाचे निर्णय अर्जदाराचे नाव वगळून प्रसिद्ध होतात, त्यामुळे सारख्या दोन पायांना दोन वेगळे न्याय मिळाले तर ते उघड होते. आपल्याकडे लष्करी समित्यांचे निर्णय अर्जदाराच्या पाकिटात येतात आणि तेथेच राहतात. ते प्रसिद्ध करायला पैसा लागत नाही. वीस टक्क्यांखालीही प्रमाणशीर काही देण्याची सोय करणे, वैद्यकीय मंडळावर लष्कराबाहेरचा एक अस्थितज्ज्ञ बसवणे आणि न्यायाधिकरणात हरलेल्या खटल्यात अपील करण्यापूर्वी लेखी कारण देण्याचे बंधन घालणे, एवढ्याने बराच फरक पडेल असे मला वाटते.

अग्निवीरांचे पाय

हा प्रश्न निवृत्तांपुरताच असता तर कदाचित मी लिहिले नसते. माझ्या वर्गातील चार-पाच मुले दरवर्षी भरतीच्या तयारीसाठी हजेरीची सवलत मागायला येतात. पहाटे बारवी धरणाच्या रस्त्याला लागले की ती धावताना दिसतात, बहुतेकांच्या पायांत स्वस्तातले बूट. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेखाली ती निवडली गेली तर चार वर्षे अग्निवीर होतील. त्यांतील जास्तीत जास्त चतुर्थांश पुढे कायम होतील. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात.

अग्निवीराला पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा लाभ नाही. अपंगत्व आल्यास एकरकमी भरपाई आहे. शंभर टक्क्यांना ४४ लाख, पंचाहत्तरला २५ लाख, पन्नासला १५ लाख रुपये. पण हे अपंगत्व सेवेमुळे उद्भवलेले किंवा बळावलेले असले पाहिजे, म्हणजे तो शेवटचा रकाना येथेही आहे आणि तो भरणारे मंडळही तेच आहे. मला भय वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. पेन्शन दरमहा मिळते म्हणून तिच्या नकाराला न्यायालयांनी दरमहा घडणारा अन्याय मानले आणि सोळा वर्षांनी आलेल्या माणसालाही आत घेतले. एकरकमी भरपाई नाकारली की तो अन्याय एकदाच घडतो. न्यायाधिकरणाची सहा महिन्यांची मुदत मग खरोखरीच सहा महिन्यांची ठरू शकेल. तेविसाव्या वर्षी घरी आलेल्या, दुसरी नोकरी शोधत असलेल्या मुलाला आपल्या टाचेचे दुखणे किती गंभीर आहे हे सहा महिन्यांत कळेलच असे नाही. पावलातली चीर पुष्कळदा चाळिशीत बोलू लागते. चार वर्षांत प्रशिक्षणाचा ताण मात्र तोच, किंबहुना थोड्या काळात अधिक.

या मुलांना मी आता अर्थशास्त्राखेरीज एक गोष्ट सांगतो. दुखले तर त्याच दिवशी सिक रिपोर्टला जा, भित्रा म्हणाले तरी चालेल. प्रत्येक औषधोपचाराच्या कागदाची प्रत घरी पाठवा. निघताना वैद्यकीय मंडळाच्या कागदपत्रांची, ए.एफ.एम.एस.एफ.-१६ या नमुन्याची, संपूर्ण प्रत मागून घ्या. नाही दिली तर रेकॉर्ड ऑफिसकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. भरतीच्या वेळच्या तपासणीचा कागद सर्वांत महत्त्वाचा, कारण त्या दिवशी आपले पाऊल धड होते हे सरकारनेच त्यावर सही करून लिहिलेले असते.

हवालदारांच्या चळतीत नेमका तोच कागद नव्हता. त्यासाठी आम्ही दोघांनी मिळून अर्ज लिहिला, आणि तो रजिस्टर टपालाने त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला गेला आहे. पहिल्या अपिलाची सहा महिन्यांची मुदत संपायला तेव्हा सात आठवडे उरले होते.